पडद्यामागची कोणती गोष्ट कळल्यावर तुम्ही तोच सिनेमा पुन्हा लावला?

रीळ_नंबर_चार
सिनेमाच्या पडद्यामागच्या गोष्टींना आता तोटा नाही. कोणी कोणती भूमिका नाकारली, सेटवर कोण कोणाशी बोलत नव्हतं, तेच तेच फिरवून फिरवून सांगतात. त्यातलं इथं काही नको. मला हवी आहे अशी गोष्ट, जी कळल्यावर तुम्ही तोच सिनेमा पुन्हा लावलात आणि ओळखीचा प्रसंग वेगळा दिसला.

माझ्यापासून सुरुवात करतो. प्रभातचा 'कुंकू', १९३७. लहानपणी दूरदर्शनवर बघितला होता आणि त्यातलं काहीतरी फार अंगावर येतं एवढंच लक्षात राहिलं होतं. पुढं वाचनात आलं की शांतारामबापूंनी या सिनेमात पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. गाणी आहेत, पण प्रसंग गहिरा करायला मागून वाद्यं वाजत नाहीत. मग मुद्दाम कान देऊन पुन्हा बघितला. तरुण नीरा आणि तिचा म्हातारा नवरा काकासाहेब एका घरात आहेत आणि आपल्याला ऐकू येतं ते त्या घरातलंच. त्यात ते भिंतीवरचं घड्याळ! आपल्याकडं बोलपट येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. आवाज नवा मिळालाय म्हणून जो तो भरभरून वापरत होता, अशा काळात एवढी शांतता ठेवायची म्हणजे हिंमत लागते. केशवराव दात्यांचा काकासाहेब मला खरा कळला तो त्या घड्याळामुळं.

माझं मत असं की नवल वाटण्यासारखं जे असतं ते कोणीतरी हातानं, कानानं, डोक्यानं केलेल्या कामात असतं. नटांच्या किश्श्यांत नसतं. तुमच्याकडं काय आहे ते सांगा. ऐकीव फॉरवर्ड मात्र नको.

शेंगा_चटणी
मग 'सैराट'ला पर्याय नाही. अजय-अतुलनी त्यातलं वाद्यवृंदाचं संगीत लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत, तिथल्या सिम्फनी वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं. करमाळ्याच्या रानातली गोष्ट आणि व्हायोलिनं हॉलीवूडची. आता शेवट आठवा. ते लहान लेकरू बाहेर येतं, पावलांचे ठसे उमटत जातात आणि आवाज पार बंद. एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी होता, आणि जिथं सगळ्यात जास्त वाजवता आला असता तिथंच तो ठेवून दिला. तुमच्या 'कुंकू'शी याचं नातं आहे बघा.

रीळ_नंबर_चार
@शेंगा_चटणी, हा धागा जुळेल असं मला वाटलंच नव्हतं. सुरुवातच झकास झाली.

पूर्वभागकर
आमच्याकडं सोलापुरात तेलुगू सिनेमा पहिल्या दिवशी पहिला शो, हे काय सांगायला नको. 'बाहुबली'त ते कालकेय लोक येतात ना, काळे, भयानक, काहीतरी बडबडत? घरी सगळे म्हणायले, तोंडाला येईल ते बोलायलेत. तसं नाही ओ. ती 'किलिकी' नावाची भाषाच बनवली होती. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी शब्द, व्याकरण, सगळं बसवून दिलं. कळल्यावर मी तेवढाच भाग पुन्हा लावला. खरंच, तो सरदार दम घेतो, जोर देतो, वाक्य संपवतो. पोरगं रडतंय तसं नुसतं ओरडत नाही.

आणि 'आरआरआर'मधला नाटू नाटूचा महाल हैदराबादचा नाही. युक्रेनमधल्या कीव्ह शहरातला मारिंस्की महाल, तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शूटिंग झालं आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तिथं युद्ध पेटलं. आता ते गाणं लागलं की मला मागच्या भिंतीच आधी दिसतात.

हुतात्मा_चौथी_रांग
मी थोडा विरोधी सूर लावतो. नाटकाच्या लोकांमध्ये वाढलोय. विंगेतून नाटक बघणाऱ्याला नाटक दिसत नाही, त्याला एंट्र्या दिसतात. सिनेमाचंही तेच. पाऊस टँकरचा आहे, रक्त रंगाचं आहे, हे कळलं की माझं मन पात्रावरून उडतं. प्रेक्षकाला काही गोष्टी न कळू देणं हा त्याचा मान आहे. मला तरी एकही सिनेमा असा आठवत नाही जो पडद्यामागचं कळल्यावर जास्त आवडला.

ताणा_बाणा
@हुतात्मा_चौथी_रांग दादा, आमच्या घरी तीन पिढ्या मागावर गेल्या. जॅकार्डवर बसणारा माणूस चादर हातात आली की आधी उलटी करून बघतो. त्यानं चादरीची ऊब कमी होत नाही.

हुतात्मा_चौथी_रांग
तो कारागीर झाला. मी पांघरणाऱ्याबद्दल बोलतोय.

टॉकीजवाल्याची_लेक
मग मी कारागिराकडून बोलते. माझे बाबा इथल्याच एका जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. लोकांना वाटतं बटण दाबलं की सिनेमा सुरू. खोलीत दोन मशीन असायच्या. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसरी चालू करायची, आणि खाली बसलेल्या माणसाला याचा पत्ता लागू द्यायचा नाही. त्यासाठी प्रिंटवरच खूण केलेली असायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की झडप बदलायची. जुन्या प्रिंटवरून उतरवलेले सिनेमे आता यूट्यूबवर बघा, साधारण वीस मिनिटांनी त्या कोपऱ्यात ठिपका दिसेल. एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

उजेड बल्बचा नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या आणि त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत पेटायचा. कांड्या जळून आखूड होत, तसं मधलं अंतर वाढे आणि पडदा पिवळट पडे. म्हणून सारखं काळ्या काचेतून बघत त्या पुढं सारायच्या. फिल्म गेटमध्ये, म्हणजे झोतासमोरच्या चौकटीत, अडकली तर पडद्यावर तपकिरी फोड उठायचा आणि खालून शिट्ट्या. मग फिल्म काढायची, जळलेला तुकडा कापायचा, ब्लेडनं टोकावरचा थर खरवडायचा, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं आणि पुन्हा चढवायची. आम्ही त्या द्रावणाला सिमेंटच म्हणायचो, वास डोक्यात जायचा. प्रत्येक जोडणीत थोडी चित्रं कमी होत. आपण म्हणायचो ना, 'इथं सिनेमा उडाला', तो असा उडायचा. गावोगावी फिरून आलेल्या प्रिंटमध्ये एखाद्या गाण्याचं अख्खं कडवं गेलेलं असे.

कधी एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालायच्या. इथली पहिली रिळं संपली की सायकलवरून पोरगा ती दुसरीकडं न्यायचा. दोन्हीकडं शोच्या वेळा त्या बेतानं पुढंमागं लावलेल्या असत.

@हुतात्मा_चौथी_रांग काका, तुम्ही म्हणता ते न कळू देणं हीच बाबांची नोकरी होती. म्हणून मला ते सांगावंसं वाटतं.

हुतात्मा_चौथी_रांग
ताई, हे वाचून थांबलो. यावर वाद घालावासा वाटत नाही. माझा मुद्दा कथेतल्या फसवणुकीबद्दल होता, तो राहू दे बाजूला. बाबांना माझा नमस्कार सांगा.

रेल्वे_लाईन्स
वा! आमचे वडील 'शोले'चं नाव निघालं की अजून सत्तर एमएमच्या, म्हणजे नेहमीच्या ३५ च्या दुप्पट रुंद फिल्मच्या, गोष्टी सांगतात. कॅमेराच सत्तरचा होता म्हणे.

टॉकीजवाल्याची_लेक
कॅमेरा ३५ एमएमचाच. शूटिंग ३५ वर झालं आणि मग लंडनला ते ७० वर फुगवलं, स्टिरिओ आवाज चढवला. प्रत्येक टॉकीजकडं ७० चं मशीन नसायचं, म्हणून ३५ च्या प्रिंटही निघाल्या. बहुतेक गावांनी 'शोले' ३५ वरच बघितला.

रेल्वे_लाईन्स
वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, 'पडदा तर केवढा मोठा होता.' मी सोडून दिलं.

'शोले' निघालाच आहे तर माझं उत्तर. जया भादुरी वरच्या मजल्यावर एकेक दिवा मालवत जाते आणि खाली अमिताभ माउथ ऑर्गन वाजवतो. पडद्यावर जेमतेम मिनिटा-दीड मिनिटाचं प्रकरण, पण सूर्य मावळतानाचाच उजेड हवा होता. तो रोज थोडाच वेळ मिळतो, म्हणून त्याला वीसेक दिवस लागले. कॅमेरामन द्वारका दिवेचा. हे कळल्यावर मी तो प्रसंग आवाज बंद करून बघितला, नुसतं आभाळ बघायला.

शेवटाबद्दल तर सगळ्यांना माहीत असेल. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारून टाकतो, असा मूळ शेवट होता. आणीबाणीचा काळ, सेन्सॉर म्हणालं निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यायचा नाही. मग ऐन वेळी पोलीस आणले. मूळ शेवट असलेली दुरुस्त केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली.

शेंगा_चटणी
त्यात आपला सचिनही आहे, इमामसाहेबांचा अहमद. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढच्याच दृश्यात घोड्यावरून त्याचं प्रेत येतं. मधलं मारण्याचं दृश्य कापलं. माझ्या मते कापलं तेच बरं झालं. मुंगी पुरते.

पूर्वभागकर
पुरते म्हणजे? त्या मुंगीनं मला लहानपणी झोपू दिलं नाही.

केम_स्टेशन
करमाळा तालुक्यातून हजेरी. 'फँड्री'चा जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, आमच्याकडचाच. नागराज अण्णांनी त्याला हलगी वाजवताना बघितलं आणि हेरलं. अभिनयाचा गंध नसलेल्या त्या पोराला पुढं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता सिनेमात तो जत्रेत हलगी गळ्यात घालून नाचतो तो भाग पुन्हा बघा. बाकी सिनेमाभर खाली मान घालून, लपून वावरणारं पोरगं हलगी हातात आल्यावर कसं मोकळं होतं. तो वाजवणारा खराच आहे, हे माहीत असलं की ते जास्त लागतं.

'सैराट'चंही तसंच. रिंकू राजगुरू अकलूजची, शाळकरी पोरगी. तिची भाषा कोणी शिकवलेली नव्हती. पुण्यामुंबईचे लोक तिच्या बोलण्याची नक्कल करायचे तेव्हा आम्हाला हसू यायचं, कारण आमच्या घरात सगळ्या तशाच बोलतात.

भैय्या_चौक
सोलापूरचा धागा आणि अजून डॉ. कोटणीस आले नाहीत? आपल्या गावचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले, वय अवघं ३२. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला १९४६ मध्ये. म्हणजे मृत्यूनंतर चार वर्षांत! बायको हयात, मुलगा लहान, घरच्यांचं दुःख ताजं, आणि देश अजून इंग्रजांच्या ताब्यात. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून सिनेमा घेतला. डॉक्टर झाले स्वतः व्ही. शांताराम आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका केली जयश्रीबाईंनी. संगीत वसंत देसाईंचं.

मी आधी बघितला तेव्हा जुना, थोडा भडक वाटला होता. इथल्या त्यांच्या स्मारकातले फोटो आणि वस्तू बघून आल्यावर पुन्हा लावला. आता ते सगळं फार घाईनं, तळमळीनं केलेलं दिसतं. हा माणूस लोकांच्या डोक्यातून जायच्या आत त्याला पडद्यावर आणायचं, एवढंच. बाहेरगावच्या पाहुण्यांना मी गड्ड्याची जत्रा दाखवतो तसं स्मारकही दाखवतो. बऱ्याच जणांना सिनेमाचं नाव माहीत असतं, पण डॉक्टर सोलापूरचे हे ठाऊक नसतं.

माणदेशी
शांतारामबापूंचा विषय चाललाय तर आमचाही हक्क आहे. सोलापूरहून सांगोला ओलांडून पुढं आलं की आटपाडी. तिथं औंध संस्थानानं स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत काढली, भिंत नसलेला तुरुंग. कैदी शेती करायचे, बायकापोरांसह राहायचे. ती कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी इंजिनिअरची. 'दो आंखें बारह हाथ' (१९५७) त्याच प्रयोगावरून सुचला. लेखन गदिमांचं, आणि गदिमा आमच्याच मुलखातले. त्यांना ती माणसं कानानं माहीत होती.

त्या सिनेमात बैलाशी झुंज आहे. ती करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली, दृष्टी राहते की जाते अशी वेळ आली. डोळ्यांवर पट्टी होती त्या दिवसांतल्या अंधारात रंग दिसायला लागले, आणि पुढचा सिनेमा केला तो रंगांनी भरलेला 'नवरंग'. ही हकीकत 'नवरंग'च्या सुरुवातीला ते स्वतःच सांगतात. काळापांढरा 'दो आंखें' आणि लगेच 'नवरंग', असे ओळीनं लावून बघा.

रीळ_नंबर_चार
@माणदेशी, हे दोन्ही मी वेगवेगळे बघितलेत, ओळीनं कधीच नाही. या रविवारी बघणार.

सात_रस्ता
मालिका चालतील का? 'महाभारत'मधला समय. चेहरा नाही, नुसतं फिरणारं ब्रह्मांड आणि 'मैं समय हूँ'. आवाज हरीश भिमाणींचा, आणि ते शब्द लिहिले राही मासूम रझा यांनी. मुसलमान लेखकाला महाभारत का देता, अशी पत्रं चोप्रांकडं आली होती. त्यावर रझासाहेबांनी आपण गंगेचा पुत्र आहोत असं सांगून काम स्वीकारलं. भीष्मही गंगेचाच पुत्र. हे कळल्यावर मी भीष्माचे सगळे प्रसंग पुन्हा बघितले. त्या वाक्यांत नुसती विद्वत्ता नाही, माया आहे.

पूर्वभागकर
आमच्या गल्लीत पाणी रविवारी सकाळीच यायचं. भीष्माची प्रतिज्ञा अख्ख्या गल्लीनं घागरी भरत भरत ऐकली.

शेंगा_चटणी
😄 सोलापुरात पाण्याशिवाय कुठलाही धागा पूर्ण होत नाही.

होटगी_रोड
'मालगुडी डेज' कुणालाच कसं आठवलं नाही? ते गाव कुठंच नाही, कागदावरचं. शंकर नाग यांनी ते उभं केलं आगुंब्याला, पश्चिम घाटातल्या धो धो पावसाच्या गावात. आमची आई कन्नड घरातली, ती दर भागाला म्हणायची, 'ही घरं आपल्याकडचीच आहेत.' वडील हसायचे, कारण मालिका हिंदीत. आईचं बरोबर होतं. स्वामीचं घर म्हणून दाखवलेला तो मोठा वाडा अजून तिथं उभा आहे, दोड्डमने म्हणतात त्याला. कधी गेलात तर बघा.

आवाजाचा_माणूस
रीळ_नंबर_चार यांनी कानापासून सुरुवात केली म्हणून लिहितो. लग्नाच्या व्हिडिओंपासून लघुपटांपर्यंत ध्वनीचं काम करतो. सिनेमात जे ऐकता त्यातलं बरंचसं कॅमेऱ्यासमोर वाजलेलंच नसतं. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, मातीच्या ट्रेवर. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) न्हाणीघरातल्या सुऱ्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढला होता, आणि वाहतं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. सिनेमा काळापांढरा, त्यामुळं रंग कोण बघतो, दाटपणा बरोबर हवा. 'जुरासिक पार्क'मध्ये (१९९३) ते लहान, हुशार डायनोसॉर एकमेकांना हाका मारतात, त्यात कासवांच्या मीलनाचे आवाज मिसळलेत. मोठ्या टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू आहे.

@हुतात्मा_चौथी_रांग, तुम्ही म्हणता मन उडतं. माझं उलट होतं. करवंट्या माहीत असूनही घोडा धावतोच. एकदा डोळे मिटून बघा.

हुतात्मा_चौथी_रांग
डोळे मिटून 'बघायला' मी नाटकवाला आहे, जमेल मला. पण कासवांचं तुम्ही सांगायला नको होतं. नातवाबरोबर बसून आता तो सिनेमा कसा बघू?

मात्र एक उदाहरण माझ्याकडंही निघालं. आपल्याच सोलापुरात शिकलेला आणि इथल्या नाट्यसंस्थेतून पुढं गेलेला अतुल कुलकर्णी. 'नटरंग'साठी (२०१०) त्यानं आधी अंगापिंडानं भरभक्कम गडी उभा केला, पैलवानी थाटाचा, आणि मग नाच्या होण्यासाठी तेच शरीर उतरवलं. मी हे आधी वाचून मग सिनेमा बघितला. मला वाटत होतं, आता नुसता त्याचा व्यायामच दिसणार. पण गुणा फेटा सोडून पहिल्यांदा नाच्याच्या चालीनं चालतो तेव्हा मान, खांदे, मनगट, सगळं वेगळं. वजन कमी केल्यानं ते येत नाही. रंगमंचावर वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर येतं. म्हणजे मला पडद्यामागचं चालतं, पण ते माणसाच्या तालमीचं असावं. यंत्राचं तुम्ही बघा.

टॉकीजवाल्याची_लेक
बाबांना धागा वाचून दाखवला. त्यांना रीळ_नंबर_चार यांचाच प्रश्न विचारला: कुठला सिनेमा पुन्हा बघितला? ते म्हणाले, सगळेच. नोकरीत असताना त्यांचा एक डोळा कार्बनवर आणि एक त्या उजव्या कोपऱ्यावर. गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळायची. निवृत्त झाल्यावर घरी टीव्हीवर 'शोले' सलग बघितला आणि आईला म्हणाले, 'हा दिवे मालवायचा सीन एवढा चांगला आहे होय!' रेल्वे_लाईन्स यांनी सांगितलेला तोच.

रेल्वे_लाईन्स
ताई, बाबांना विचारा, त्या सीनच्या आसपास रीळ बदलायचं का?

टॉकीजवाल्याची_लेक
विचारलं. प्रिंटप्रमाणे पुढंमागं व्हायचं म्हणाले. आणि मग अर्धा तास मला कांड्यांची जाडी सांगत बसले.

खडू_फळा
धागा उशिरा वाचला. शाळेत विज्ञान शिकवते. माझं उत्तर सगळ्यात जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून ठरावीक वेळानं एकेक चित्र घेत राहिले, कितीतरी दिवस. पडद्यावर वाटाणा फुटतो, वर येतो, वेल होतो, सगळं क्षणात. ती फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून खाणावळीतल्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं, आणि १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तेच राम आणि तेच सीता! सरस्वतीबाई एवढ्या माणसांचा स्वयंपाक करून रात्री फिल्म धुवायला, तिच्या कडांना भोकं पाडायला बसायच्या. आज 'राजा हरिश्चंद्र'चे जे तुकडे बघायला मिळतात ते मी त्या कडांसाठी पुन्हा बघितले. कडा दिसत नाहीत, पण चित्र हलत नाही ते त्या भोकांमुळं.

रीळ_नंबर_चार
खडू_फळा, सरस्वतीबाईंचं नाव या धाग्यात यायलाच हवं होतं. फार बरं केलंत. वाटाण्याचा प्रयोग वर्गात केलाय का कधी?

खडू_फळा
फोन स्टँडला लावून आता सहज होईल, दर दहा मिनिटांनी एक फोटो. सहावीच्या मुलांबरोबर पुढच्या आठवड्यात करतेय. वाटाण्याऐवजी मटकी घेणार, लवकर मोड येतात. रात्री वर्गातला दिवा चालू ठेवायला शिपाईमामांना सांगावं लागेल.

आवाजाचा_माणूस
उजेड सारखाच राहायला हवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. खिडक्यांना काळा कागद लावा. माझ्याकडं एक छोटा एलईडी दिवा आहे, सोमवारी शाळेत आणून देतो.